उरलेलं कापड

गोधडी ही गरिबाची कला, असं सगळेच म्हणतात. ते निम्मंच खरं आहे. रंगीबेरंगी चौकड्यांची गोधडी शिवायची तर घरात तुकडे उरावे लागतात, आणि तुकडे उरायचे तर आधी घरात अख्खं कापड यावं लागतं. चिरनेरला आमच्या घरात असं कापड फार उशिरा आलं. आजीच्या लहानपणी घरात गोधड्या होत्या, पण चौकडे नव्हते.

तेव्हाचा हिशेब साधा होता. भात विकून चार पैसे हाताशी राहिले तर बाईला नवं लुगडं. ते आधी सणावाराला नेसायचं, मग रोजला, मग आवणीच्या चिखलात. मधोमध विरलं की आडवं फाडायचं, विरलेला भाग काढायचा आणि दोन्ही धड टोकं जोडून दंड घालायचा. दंड घातलेलं लुगडं आणखी एखाददुसरा पावसाळा निघायचं. तेही सरलं की मऊ झालेल्या भागाची तान्ह्या पोराला दुपटी, मग हातपुसणी, शेवटी पोतेरं. या सगळ्यातून जे वाचेल ते गोधडीच्या वाट्याला. तेसुद्धा कापून-बेतून नाही, लांबच्या लांब पट्टे एकावर एक अंथरून. वर कुठे भोक पडलं तर ठिगळ. ठिगळाला स्वतःचा आकार नसायचा. भोकाचा असेल तो त्याचा.

मापात कापलेला, रंगाशेजारी रंग बघून बसवलेला चौकडा आमच्या घरी आला तो १९३०च्या जंगल सत्याग्रहातल्या गोळीबारानंतर पुष्कळ वर्षांनी, मुंबईच्या गिरणीच्या वाटेने. तो कसा आला हे सांगायचं तर आजीच्या गोष्टींच्या आधाराने जावं लागतं, आणि आजीच्या गोष्टी कधी एका रांगेत येत नसत.

त्या यायच्या गोधडी शिवताना. हंगाम फाल्गुन-चैत्राचा. भात झोडून कणगीत गेलेलं, शेतातले वाल काढून झालेले, राब भाजायला अजून अवकाश. दुपारी सारवलेल्या ओटीवर आजी सगळ्यात धड लुगडं खाली अंथरायची. चारी कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा, पाणी भरलेला तांब्या, असं हाताला लागेल ते वजन. मग मधले थर. वर चौकडे. कडेने कच्चा दोरा घालून सगळं जागेवर धरायचं आणि मग खरा धावदोरा. तो बाहेरून आत जातो. आधी कडेकडेने चारी बाजूंनी एक फेरी, मग दोन बोटं आत सरकून दुसरी, मग तिसरी, मधल्या चौकापर्यंत. दोन बाया समोरासमोर बसल्या तर काम दुप्पट पुढे जातं, मात्र दोघींचा हात सारखा हवा. एकीचा टाका भाताएवढा आणि दुसरीचा वालाएवढा झाला की गोधडी एका अंगाने आकसते. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बाया गोधडीच्या चारी कोपऱ्यांना त्रिकोणी घड्यांची फुलं लावतात, त्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. आजीचा कोपरा साधाच, पण तिथे टाका दुहेरी. ओढाताण तिथेच होते, ती म्हणायची. पोरं गोधडी कोपऱ्याला धरूनच ओढतात.

शिवताना मान खाली, तोंड मोकळं. मला सुईत दोरा ओवून द्यायचं काम होतं. त्यामुळे गोष्टीला हुंकार द्यायचं कामही माझ्याकडेच आलं.

गोष्टी सगळ्या जातीच्या असत. खाडीचं पाणी शेतात शिरलं ते साल, कुंभारवाड्यातली भांडणं, कोणाच्या लग्नात वऱ्हाड वाट चुकलं ते. त्यांच्यामध्येच कुठेतरी, आवाज न बदलता, गोळीबार यायचा. बाहेरच्या माणसाला चिरनेर ठाऊक असतं ते त्या एका दिवसामुळे, नाहीतर महागणपतीच्या देवळामुळे. आजीसाठी तो तिच्या वयाची खूण होता. जन्मसाल तिला माहीत नव्हतं. गोळीबार झाला तेव्हा ती गुरं वळण्याच्या वयाची पोर होती, त्यावरून आम्ही तिचं वय लावायचो.

तिच्या तुटक सांगण्याच्या मागे काय घडलं होतं ते मला शाळेतल्या भाषणांतून आणि पुढे वाचून कळलं. १९३०च्या वसंतात मिठाचा सत्याग्रह झाला. पावसाळ्यात मीठ पिकत नाही, म्हणून महाराष्ट्रात कायदेभंग रानाकडे वळला. १० जुलैला पुसदला लोकनायक बापूजी अण्यांनी राखीव जंगलातलं गवत कापलं. मग बिळाशी झालं, संगमनेर झालं, बागलाण झालं. आमच्याकडे २५ सप्टेंबरला, गुरुवारी, अक्कादेवीच्या डोंगरावर आसपासच्या गावांतली माणसं कोयते घेऊन चढली, आणि पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. हा मुलूख तेव्हा कुलाबा जिल्ह्यात, पनवेल तालुक्यात मोडायचा.

पुस्तकात हे सगळं स्वराज्यासाठी. ते खरंच आहे. पण आजीच्या तोंडी स्वराज्याच्या आधी राब यायचा. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून भाजल्याशिवाय आमच्याकडे रोप धरत नाही, आणि हा पाला डोंगरातूनच आणावा लागतो. जंगल राखीव झालं तेव्हा रोपाचा पाला, चुलीचं लाकूड आणि गुरांची चराई एकदम सरकारजमा झाली. कोयता घेऊन रानात जाणं हा कायदेभंग होता हे तिला मागाहून कळलं. कोयता घेऊन रानात जाणं तिच्या घरात रोजचंच होतं.

गोळीबारात आठ जण गेले. चिरनेरचे धाकू गवत्या फोफेरकर आणि नवश्या कातकरी, कोप्रोलीचे रघुनाथ न्हावी, दिघोड्याचे आलू बेमट्या म्हात्रे, आणि मोठी जुई, धाकटी जुई, पाणदिवे, खोपटे या गावांतले चौघे. पनवेलचे मामलेदार केशव महादेव जोशी यांचाही जीव त्याच दिवशी गेला. ते कोणाच्या हातून गेले यावर कोर्टात एक बोललं गेलं आणि गावात दुसरं. पुढे धरपकड झाली, ठाण्याला खटला चालला, आणि आरोपींच्या बचावाला उभ्या राहिलेल्या वकिलांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते.

कातकरी, कोळी, न्हावी, पाटील, म्हात्रे. या यादीला गोधडीची उपमा देण्याचा मोह दरवर्षी कोणातरी वक्त्याला होतो. मला ती पटत नाही. गोधडीत कुठला तुकडा कुठे जायचा हे शिवणारी बाई ठरवते. पसंत नसेल तर उसवून पुन्हा लावते. त्या दिवशी डोंगराखाली कोणी काही बेतून ठेवलं नव्हतं. सगळ्या जातींची माणसं एका जागी होती कारण पाला सगळ्यांनाच लागायचा.

आजीचा बाप त्या दिवशी रानात गेला होता का? मी हे तिला किती वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं असेल. उत्तर दर वेळी तेच, त्याच शब्दांत, त्याच चालीत: "बापूस रानान नवता. बापूस शेताव होता." तिच्या बाकीच्या गोष्टी दर वर्षी बदलायच्या. वऱ्हाडाची वाट कधी दिघोड्याकडे चुकायची, कधी थेट पनवेलला. हे एक वाक्य मात्र कधी हललं नाही. मी मोठी झाल्यावर माझ्या लक्षात आलं की हे वाक्य तिचं नव्हतंच. पोलीस दारात आले तर काय सांगायचं हे कोणीतरी त्या पोरीकडून घोकून घेतलं होतं. देश स्वतंत्र झाला, कुलाब्याचा रायगड झाला, पनवेलचं उरण झालं, तरी ती नातीला तीच साक्ष देत राहिली.

थोरामोठ्यांच्या तोंडून ऐकलेल्या इतिहासाचं हे असं असतं. महत्त्वाचं ते उरतं असं नाही. ज्याचा घरात उपयोग झाला ते उरतं. आठांपैकी दोन-तीनच नावं आजीला सांगता यायची. पण कुठल्या वाटेने पळालं की बूट घातलेल्या माणसाला मागे येता येत नाही, घरात कोयता कुठे ठेवला की झडतीत सापडत नाही, हे तिला पाठ होतं.

आणि खाकी रंग.

आमच्या घरात चिंध्यांचं एक बोचकं होतं, माळ्यावर. भाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत जायला लागला तेव्हा पांढरा सदरा आणि खाकी अर्धी चड्डी हा गणवेश होता. चड्ड्या बसायच्या जागी विरायच्या, पण पुढचं कापड चांगलं राहायचं, जाड, टिकाऊ. मी त्याचे चौकडे कापून बोचक्यात टाकले. दुसऱ्या दिवशी ते बाहेर, चुलीजवळ, भांडी उतरवायला घेतलेले. पुन्हा टाकले, पुन्हा बाहेर. विचारलं तर आजी म्हणाली, खाकी गोधडीत घातली की झोप येत नाही. मला वाटलं जाड कापड टोचतं असं म्हणायचंय तिला. आत्याने मागून खूण केली, गप्प राहा म्हणून. रानातला गार्ड खाकी, पोलीस खाकी, मिठागरावरचा शिपाई खाकी. आजीच्या आयुष्यात खाकी माणूस कधी काही द्यायला आला नव्हता.

चौकडे आले ते काकांमुळे. माझे थोरले काका पन्नासच्या दशकात मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागले, पुढे साचेखात्यात कायम झाले. गणपतीला आणि शिमग्याला घरी येताना त्यांच्या पिशवीत कटपीस असायचे. रेघांचं शर्टिंग, छापील वायल, पॉपलीन, लठ्ठा, मांजरपाट. कुठे छपाई सरकलेली, कुठे विणीत गाठ, कुठे कडेला तेलाचा डाग. मुंबईत पहिली कापडगिरणी १८५४ साली निघाली. आमच्या ओटीवर तिच्या जातीचं कापड शंभर वर्षांनी पोचलं, तेही डागी म्हणून.

त्या दिवसापासून आजीच्या हाताला पहिल्यांदा निवड मिळाली. याआधी होतं ते लावायचं. आता निळ्याशेजारी पिवळा की तांबडा, हे ठरवता येऊ लागलं. तिने चौकड्यांच्या मध्ये जुन्या लुगड्याच्या काठांच्या अरुंद पट्ट्या घालायला सुरुवात केली आणि त्यांना ती बांध म्हणायची. अक्कादेवीच्या वाटेवरून खाली बघितलं तर भाताची खाचरं जशी दिसतात, तशी ती गोधडी दिसायची. आजीला हे सांगितलं तेव्हा ती हसली. डोंगरावर ती बघायला थोडीच जायची. डोक्यावर मोळी असली की माणूस पायाखाली बघतो.

पण शेतासारखं कापड ही कल्पना फार जुनी आहे. विनयपिटकाच्या महावग्गात गोष्ट आहे. बुद्ध मगध देशातून चालले होते. बांधांनी आखलेली, पट्ट्यापट्ट्यांची भातशेतं त्यांनी आनंदाला दाखवली आणि विचारलं, भिक्खूंना असं चीवर बेतता येईल का. आनंदाने तुकडे कापून, मध्ये बांधासारख्या पट्ट्या घालून ते शिवलं. तेव्हापासून भिक्खूचं वस्त्र तुकडे जोडून होतं. त्यामागे हिशेबही होता. कापलेल्या कापडाला बाजारात मोल राहत नाही आणि त्याचा कोणाला लोभ सुटत नाही. आमच्या घराचा धर्म वेगळा, पण हा हिशेब आजीला मान्य झाला असता. गावात चोरी व्हायची तेव्हा भांडी जायची, कोंबड्या जायच्या. गोधडी कोणी नेल्याचं ऐकलं नाही.

काका मुंबईहून कापडाबरोबर गोष्टीही आणायचे. बाबू गेनूची त्यांनीच सांगितलेली. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा गिरणीकामगार. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापडाच्या मालमोटारीसमोर आडवा झाला आणि तिच्याखाली गेला. चिरनेरनंतर अडीच महिन्यांनी. आजीने सुई थांबवून विचारलं, कापडासाठी? काकांनी समजावलं, परदेशी कापडाविरुद्ध, स्वदेशीसाठी. आजी म्हणाली, म्हणजे कापडासाठीच. मी हे मनातल्या मनात पुष्कळदा घोळवलं आहे. रानासाठी सप्टेंबरात आणि कापडासाठी डिसेंबरात. मोठ्या चळवळीला आपण मोठं नाव देतो. तिच्या पोटात नेहमी पाला, मीठ, कापड अशीच काहीतरी रोज लागणारी वस्तू असते.

उरलेल्या कापडाची अशी गोष्ट दुसरीकडेही आहे. अमेरिकेत अलाबामा नदीच्या एका वळणात गीज बेंड नावाची वस्ती आहे. तिथल्या काळ्या बायांच्या गोधड्या २००२ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या आणि जगभर नावाजल्या गेल्या. त्या गोधड्यांची घरगुती गोष्ट अशी. वस्तीतली माणसं नदीपलीकडे कॅमडेनला मतदार म्हणून नाव नोंदवायला जाऊ लागली, तेव्हा १९६२ साली तिथली तर बंद करण्यात आली. ती पुन्हा सुरू झाली २००६ साली. मधल्या काळात, १९६६ साली, बायांनी गोधड्या विकण्यासाठी सहकारी संस्था काढली. सियर्स या मोठ्या दुकानदार कंपनीने सत्तरच्या दशकात तिला कॉर्डरॉयच्या उशांच्या खोळी शिवायचं काम दिलं. खोळी कंपनीला गेल्या, उरलेलं कॉर्डरॉय वस्तीत राहिलं. त्या काळातल्या तिथल्या गोधड्या सोनेरी, हिरव्या, तपकिरी कॉर्डरॉयच्या आहेत. संग्रहालयात लोक त्यांच्या रंगसंगतीपुढे थबकतात. रंग बायांनी लावले, यात शंका नाही. पण कुठले रंग हाताशी यायचे हे सियर्सच्या ऑर्डरवर ठरलं होतं, जसं आमच्याकडे ते साचेखात्यात कुठे गाठ पडली त्यावर ठरायचं.

मग १९८२ आलं. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या पुढारपणाखाली मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि त्यातले बरेचसे पुन्हा कधी गिरणीत गेले नाहीत. काका पिशवी न घेता आले. पहिल्या पावसाळ्यात आवणीला उतरले तेव्हा त्यांचे पाय चिखलात दुखायचे; इतकी वर्षं ते कोरड्या जमिनीवर उभे राहिले होते. त्याच वर्षी, आमच्याच जिल्ह्यात, पाताळगंगेच्या काठी रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. सुती कापडाचा दरवाजा मिटला आणि दुसऱ्या धाग्याचा उघडला, दोन्ही एका वर्षात, आणि आमचं गाव दोघांच्या मध्ये. तेव्हा हे कोणी असं जोडून पाहिलं नाही. आम्हाला एवढंच दिसलं की साड्या एकाएकी स्वस्त झाल्या, चमकू लागल्या आणि फाटेनात.

न फाटणारी साडी ही गोधडीवर आलेली आफतच. सुती कापड धुण्यागणिक आकसतं, टाक्याभोवती सुरकुततं, वर्षावर्षाला मऊ होतं, घाम पितं. पॉलिएस्टर यातलं काही करत नाही. सुईखाली सरकतं, दोरा त्यात रुतत नाही, थर एकमेकांवरून घसरतात. थंडीत अंगावर घेतली की ती गोधडी रात्रभर पायाकडे पळते. वालाच्या शेतावर राखणीला जाणारे शेकोटीजवळ ती घेऊन बसायलाही भ्यायचे. एक ठिणगी आणि भोक, तेही वितळलेल्या कडांचं. आजीने एकच शिवली. नंतर बोचक्यातून सुती तेवढं निवडून बाजूला ठेवू लागली.

कापड मात्र येतच राहिलं, पूर्वी कधी आलं नव्हतं इतकं. नवी मुंबईसाठी उरण-पनवेलच्या जमिनी घेतल्या जात होत्या. जानेवारी १९८४ मध्ये जासईजवळ, दि. बा. पाटलांच्या पुढारपणाखाली उतरलेल्या शेतकऱ्यांवर दोन दिवस गोळीबार झाला आणि पाच जण गेले. आजीने ती बातमी ऐकली तेव्हा पहिला प्रश्न विचारला, आपले कोण कोण शेतावर होते. १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. आजूबाजूच्या गावांत जमिनीचे पैसे आले, लग्नं मोठी झाली, आहेर मोठे झाले. कपाटांत आहेराच्या साड्यांच्या चळती लागल्या. आलेली साडी घडी न मोडता पुढच्या लग्नात जायची. ज्या घरात एक लुगडं चार जन्म काढायचं तिथे न नेसलेल्या साड्या उरू लागल्या. अडचण अशी की गोधडीला लागतं ते हे उरणं नव्हे. तिला वापरून उरलेलं लागतं.

सुती कापडाची ओढ लागली तेव्हाच आजीने खाकीचा हट्ट सोडला. तोवर आणखी एक गोष्ट झाली होती. माझा चुलतभाऊ एसटीत कंडक्टर लागला. पहिल्या पगाराच्या दिवशी तो खाकीतच घरी आला, खिशातून पैसे काढून त्याने आजीच्या हातावर ठेवले. खाकी माणूस घरात येऊन काही देऊन गेला, असं पहिल्यांदा झालं. पुढे त्याचे जुने गणवेश घरात पडू लागले. चांगलं जाड सूत, वाया कसं घालवायचं? आत्याने विचारलं. आजीने बराच वेळ कापड चोळून पाहिलं, आणि मग निकाल दिला: "वर नको. खाली घाल. त्याच्याव निजाचा."

तशीच ती गोधडी झाली. वरच्या अंगाला काकांच्या गिरणीचे शेवटचे कटपीस, आत्याच्या पोलक्यांचे खण, कुणाकुणाच्या दुपट्यांचे तुकडे. खालचं अस्तर सगळं खाकी. आजी त्यावर गाढ झोपायची. आम्ही पोरं हसायचो आणि तीही हसायची. पण अस्तराला बदल म्हणून कधी उलटी घातली तर लगेच हाक मारून सरळ करायला लावायची.

दर २५ सप्टेंबरला हुतात्मा स्मारकापाशी पोलीस येतात आणि हवेत फैरी झाडून मानवंदना देतात. मंत्री येतात, भाषणं होतात, शाळेची पोरं रांगेने उभी असतात. महागणपतीच्या देवळात त्या दिवशीच्या गोळीची खूण म्हणून लोखंडी गज दाखवतात. आजी जमेल तोवर त्या कार्यक्रमाला जायची, पुढे बसायची, फैरी झडायच्या आधी कानांवर पदर घ्यायची. एकदा कुणा पाहुण्याने तिला विचारलं, आजी, तुम्ही पाहिलेलं का सगळं? तुमच्या घरचं कोणी होतं का रानात? समोर खाकीतले शिपाई बंदुका उतरवून चहा पीत होते. आजी म्हणाली, बापूस शेताव होता.

आता शिवणकाम काकीकडे आलं आहे. ती बचत गटात आहे, आणि गटाच्या बाया गोधड्या विकतात. गावाच्या आसपास मुंबईकरांची फार्महाऊस झाली, अटल सेतूमुळे ते तासाभरात येतात. त्यांच्यातल्या एकाने यंदा मोठी गोधडी सांगितली. अटी अशा: सगळं सुती, रंग उतरलेले, तुकडे एकमेकांशी न जुळणारे, आणि दिसायला जुनी. काकीने मला फोनवर वाचून दाखवल्या आणि म्हणाली, "जुना कपरा आता आनाचा कुठशी?" बोचक्यात हात घातला तर आहेराच्या साड्या निघतात. शेवटी ती पनवेलच्या बाजारात गेली आणि ताग्यावरून नवं सुती कापड घेऊन आली. ते चार वेळा धुतलं, उन्हात टाकलं, मग चौकडे कापले. जे आमच्याकडे कधी उरत नव्हतं, मग डागी होऊन उरायला लागलं, मग नको तेवढं उरलं, ते आता विकत आणून उरवावं लागतं.

मला वाईट वाटेल असं काकीला वाटलं होतं. मला वाटलं नाही. या घरात सुई चालवणारी ती पहिलीच बाई आहे जिने टाक्यांचा दर लावला. आजीच्या हातच्या गोधड्या घरात झिजल्या, तान्ह्यांनी ओल्या केल्या, एक-दोन शेवटी गोठ्यात वासराखाली गेल्या. त्यांचं कौतुक आम्ही सगळे करतो. मजुरी कोणी कधी मोजली नाही.

गिऱ्हाइकाची शेवटची अट मात्र काकीला अडत होती. गोधडीबरोबर एक कागद हवा, त्यावर कुठला तुकडा कुठून आला त्याची गोष्ट. खोटं कसं लिहायचं, तिने विचारलं. मी म्हटलं, खरंच लिही. आजीची लुगडी भाताच्या पैशांवर पनवेलच्याच बाजारातून यायची. कटपीस काकांच्या पाळ्यांवर लालबागहून आले. खाकी एसटीच्या पगारावर. प्रत्येक वेळी कापड बाहेरून आलं आणि त्याची किंमत या घरातल्या कोणीतरी कष्टाने भरली. तुझं कापड पनवेलहून आलंय, हे त्याच रांगेतलं आहे. तारीख घाल, दुकानाची गल्ली घाल, किती वेळा धुतलं तेही लिही.

काकीने तसंच लिहिलं. आणि गिऱ्हाइकाने कागद वाचून बेत बदलला तर पंचाईत नको, म्हणून निम्मे पैसे आगाऊ घेतले.